सोयाबीनचे सोटमूळ सात इंचांवर का वळते?

नमस्कार. आधी तुमचा प्रश्न माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे उत्तर नेमके कशाचे आहे ते स्पष्ट राहील. कृष्णाकाठची काळी बागायती जमीन आहे. दोन खोडवे घेऊन ऊस मोडला आणि फेब्रुवारीत शेवटचा ऊस ट्रॅक्टर-ट्रॉली रानात घालूनच बाहेर काढला. मग पल्टी नांगर, वळवाचा पाऊस झाल्यावर दोनदा रोटर (माती बारीक करणारा रोटाव्हेटर) आणि जूनमध्ये सोयाबीनची पेरणी. आज पीक चाळीस दिवसांचे आहे. पावसाने चार-पाच दिवस उघडीप दिली की दुपारी झाडे माना टाकतात. उपटून पाहिले तर सोटमूळ सात-आठ इंचांवर काटकोनात आडवे गेलेले आणि टोके बोथट, जाड दिसतात. दरवर्षी नांगरट होते, वरची माती पिठासारखी आहे, मग जमीन घट्ट कशी, हा तुमचा पहिला प्रश्न. सबसॉयलर (खालचा घट्ट थर तडकवणारे खोल फाळाचे औजार) मारू की जिप्सम (सोडियमने बिघडलेली जमीन सुधारणारे खनिज) टाकू, हा दुसरा.

खरा प्रश्न 'जमीन घट्ट आहे का' एवढाच नाही. घट्टपणा किती खोलीवर आहे, तो थर किती जाड आहे आणि मुळाचे टोक तिथे पोहोचते तेव्हा त्या थरात किती ओल आणि किती हवा असते, या तीन गोष्टींवर उपाय ठरतो. एकच थर जुलैच्या वाफशात, म्हणजे जमिनीत ओल आणि हवा दोन्ही बेताच्या असताना, मूळ आत घेतो आणि ऑगस्टच्या उघडिपीत तोच मुळाला दाद देत नाही. म्हणून शेजाऱ्याला जे लागू पडले ते तुम्हाला पडेलच असे नाही. चिकणमातीचे प्रमाण, निचरा, जमिनीतला सोडियम आणि ओल्यात किती वजन रानात फिरले, यावर बरेच अवलंबून आहे. जिथे उत्तर बदलते तिथे तसे सांगतो.

सुरुवात मुळाच्या टोकापासून करू, कारण उपायांची सगळी संगती तिथे लागते. मूळ लांब होते ते फक्त टोकाशी. अगदी पुढे पेशींची एक टोपी असते. तिच्या मागे नव्या पेशी तयार होण्याची जागा आणि त्यामागे काही मिलिमीटरचा पट्टा, जिथे या पेशी पाणी ओढून लांब होतात. पुढे सरकतो तो एवढाच भाग, बाकीचे मूळ जागेवरच असते. चांगल्या जमिनीत सोयाबीनचे सोटमूळ दिवसाला दोन-अडीच सेंटिमीटर सहज उतरते. टोपीच्या बाहेरच्या पेशी सतत गळत असतात आणि बुळबुळीत चिकटा सोडतात. त्यामुळे माती आणि टोक यांच्यातले घर्षण कमी होते. तुम्ही झाड उपटता तेव्हा हे टोक बहुतेक वेळा मातीतच तुटून राहते. म्हणून उपटलेल्या झाडावरून निदान करू नका. झाडाच्या बाजूने खणा, मातीचा गड्डा अख्खा काढा, बादलीभर पाण्यात तासभर भिजवा आणि मग मुळे हलक्या हाताने धुवा.

टोकाला पुढे ढकलणारी ताकद पेशींतल्या पाण्याच्या दाबातून येते आणि तिला मर्यादा आहे. बहुतेक पिकांत ती साधारण १ मेगापास्कलच्या आसपास संपते, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला सुमारे १० किलो. जमिनीची कठीणता मोजायचे साधन म्हणजे पेनिट्रोमीटर, टोकाला शंकू असलेली लोखंडी कांडी. या साधनावर ०.८ ते २ मेगापास्कलच्या दरम्यान मुळाच्या वाढीचा वेग पिकानुसार निम्म्यावर येतो. २ मेगापास्कलच्या पुढे बहुतेक पिकांची मुळे जेमतेम सरकतात. मुळाची ताकद १ आणि अडचण २ वर, हे कसे, असे वाटेल. कारण लोखंडी कांडीला मुळापेक्षा दोन ते आठ पट जास्त विरोध होतो. कांडी सरळ रेटते. मूळ चिकटा सोडते, बाजूला फुगून पुढची माती सैल करते आणि कमी विरोधाची वाट शोधत वळते.

दुसरी मर्यादा जाडीची. मूळ बारीक होऊन छिद्रात शिरत नाही. छिद्र मुळाच्या टोकापेक्षा रुंद असले पाहिजे किंवा मुळाला ते रुंद करता आले पाहिजे. सोटमुळाचे टोक साधारण मिलिमीटरभर जाड असते. दाबलेल्या मातीत पहिली मोडतात ती याच मापाची मोठी छिद्रे. पाणी धरणारी बारीक छिद्रे शिल्लक राहतात, पण मुळाला त्यांचा वाट म्हणून उपयोग नाही. म्हणूनच अशा जमिनीत खाली ओल भरपूर दिसते आणि वर पीक सुकते.

आता तुमच्या 'वरची माती पिठासारखी' या वाक्याकडे येतो. तुम्हाला ती जमेची बाजू वाटते, पण तुमच्या रानात ती अडचणीत भर घालते. टोकाला पुढे रेटायचे तर मागच्या भागाला मातीत घट्ट पकड हवी. ही पकड मूळकेस देतात. वर रोटरने सैल केलेला थर आणि खाली एकदम कडक तळ असेल, तर टोक तळावर टेकताच मागचे मूळ सैल मातीत वाकते. जोर खाली जाण्याऐवजी बाजूला जातो आणि मूळ सीमेवर आडवे धावू लागते. काटकोनातले वळण बहुतेक असेच येते. तीच जमीन वरपासून खालपर्यंत सारख्या मध्यम घट्टपणाची असती, तर मूळ हळू वाढले असते, पण सरळ गेले असते. मऊ आणि कडक यांच्यातली तीक्ष्ण सीमा नुसत्या कडकपणापेक्षा वाईट ठरते.

टोक बोथट आणि जाड का होते, याबद्दल २०२१ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात महत्त्वाचे काम प्रसिद्ध झाले. मुळाच्या पेशी इथिलीन नावाचा वायू सोडतात. मोकळ्या जमिनीत तो हवेच्या छिद्रांतून निघून जातो. दाबलेल्या जमिनीत छिद्रे कमी, आणि उरलेल्यांत पाणी असेल तर वायूचा प्रवास फारच मंद होतो. मग इथिलीन टोकाभोवतीच साचतो आणि त्याच्या संकेताने मूळ लांबीची वाढ थांबवून जाड होते. संशोधकांनी इथिलीनची जाणीवच नसलेली भाताची रोपे घेतली, तेव्हा त्यांची मुळे दाबलेल्या मातीतही वाढत राहिली. म्हणजे निदान काही अंशी तरी मूळ थांबते ते ताकद संपल्यामुळे नव्हे, तर साचलेल्या वायूच्या इशाऱ्याने.

शेतकऱ्यासाठी याचा अर्थ सरळ आहे. मुळाला भुसभुशीतपणापेक्षा सलग वाट जास्त हवी. वरपासून खालपर्यंत जोडलेली, पाणी उतरून गेल्यावर हवेने भरणारी छिद्रे हवीत. जुन्या मुळांची भोके, गांडुळांची बिळे, काळ्या जमिनीच्या भेगा या त्या वाटा. रोटर ढेकळे फोडतो आणि सोबत याच वाटा तोडतो. आणि हे वाचून कोणी इथिलीन रोखणारे औषध आळवणीला सुचवले तर पैसे घालवू नका. छिद्रे बंद असतील तर प्राणवायूची टंचाई तशीच राहते. पाण्यातून प्राणवायू हवेतल्यापेक्षा सुमारे दहा हजार पट मंद सरकतो. सोयाबीनच्या मुळांवरच्या नत्राच्या गाठींनाही प्राणवायू लागतो. तुमच्या झाडांवर बघा, गाठी वरच्या तीन-चार इंचांतच गोळा झालेल्या असतील.

निदान पक्के करण्याआधी सारखी दिसणारी इतर कारणे बाजूला काढावी लागतात. पेरणीनंतर पेंडीमिथॅलीन हे तणनाशक मारले असेल आणि मात्रा जास्त पडली असेल किंवा लगेच जोराचा पाऊस झाला असेल, तरी मुळांची टोके गदेसारखी फुगतात. पण ती इजा वरच्या दोनेक इंचांतल्या बाजूच्या मुळांवर दिसते, ठरावीक खोलीवर नाही. सूत्रकृमीच्या गाठी मुळाच्या आतूनच फुगलेल्या असतात, नखाने सुटत नाहीत. नत्राच्या गाठी नखाने सहज निघतात आणि कापल्या की आतून गुलाबी दिसतात. मूळकुज असेल तर टोक तपकिरी होते आणि चिमटीत ओढले की साल सुटून येते. घट्ट थरामुळे अडलेले टोक पांढरे, जिवंत, आखूड आणि जाड असते. बाजूची मुळे आणि मूळकेस टोकाच्या अगदी जवळून फुटलेले असतात. मुख्य खूण म्हणजे शेजारच्या सगळ्या झाडांची मुळे जवळपास एकाच खोलीवर वळलेली सापडतात.

या खोलीवरून थर कोणी केला तेही कळते. चार-पाच इंचांवर वळण असेल तर तो बहुधा ओल्यात चाललेल्या रोटरचा तळ. सात ते दहा इंचांवर असेल तर नांगराचा, कारण नांगराचा फाळ आणि तासात (नांगराने काढलेल्या चरात) चालणारे ट्रॅक्टरचे चाक दरवर्षी त्याच खोलीवर दाब देतात. घट्टपणा एका थरात न राहता वरपासून दीड फुटापर्यंत सलग असेल तर तो ट्रॉलीचा. वरच्या थराचा दाब टायरमधल्या हवेवर ठरतो, खोलवरचा दाब एका आसावर किती टन आले यावर. आसावर पाच-सहा टनांच्या पुढे भार असेल आणि जमीन ओली असेल, तर दाब नांगराच्या आवाक्याच्या खाली पोहोचतो. मग दरवर्षी नांगरून तो निघत नाही, कारण नांगर तिथवर जातच नाही. तुमचे वळण सात-आठ इंचांवर आहे, म्हणून माझा पहिला संशय नांगराच्या तळावर आहे आणि त्याखाली ट्रॉलीचा दाब असावा. खात्री मात्र खड्ड्यातच होईल.

खड्डा असा घ्या. चांगला पाऊस होऊन तीन-चार दिवस गेले की, म्हणजे वाफसा आला की, ओळीला आडवा असा दोन फूट लांब आणि दोन फूट खोल चर खोदा. एक चर ट्रॉली गेलेल्या पट्ट्यात, एक चाक न लागलेल्या जागी आणि एक बांधाच्या कडेला, जिथे कधी औत फिरत नाही. हा तिसरा तुमच्या जमिनीचा मूळ नमुना. फावड्याने गुळगुळीत झालेली बाजू चाकूने खरवडून घ्या, मग चाकूचे टोक वरपासून खाली दर दोन इंचांवर सारख्या जोराने खुपसत जा. जिथे हात अडतो आणि जिथे पुन्हा सुटतो, त्या दोन्ही खोल्या लिहून ठेवा. थराची खालची हद्द सबसॉयलरची खोली ठरवते. त्या थरातले ढेकूळ हाताने फोडा. आडवे पापुद्रे सुटत असतील, फुटलेल्या बाजू चकचकीत असतील आणि छिद्रे दिसत नसतील तर तो दाबलेला थर. पेनिट्रोमीटर मिळाला तर उत्तम, नाहीतर बोटाएवढी जाड, टोकदार सळई आणि वर आडवी मूठ एवढेही पुरते. फक्त तिन्ही जागी एकाच दिवशी, एकाच माणसाने दाबून पाहावे. कोरड्या रानात घेतलेल्या आकड्याला अर्थ नाही, कारण वाळल्यावर चांगली काळी जमीनही २ मेगापास्कलच्या पुढे जाते.

प्रयोगशाळेतून स्थूल घनता (छिद्रांसह मातीच्या ठरावीक आकारमानाचे कोरडे वजन) काढून घेतली तर चिकणमातीत दर घन सेंटिमीटरला १.४ ग्रॅमच्या आसपास मुळे अडखळू लागतात आणि १.४७ च्या पुढे बहुतेक थांबतात. वाळूसर जमिनीत हीच मर्यादा १.८ पर्यंत जाते, त्यामुळे दुसऱ्या जमिनीचा आकडा आपल्याला लावू नये. काळी माती ओलीने फुगते आणि सुकून आकसते, म्हणून नमुना घेताना ओल किती होती तेही लिहून ठेवा.

जिप्समचा निर्णय घरच्या घरी बराच लागतो. घट्ट थरातले वाटाण्याएवढे वाळलेले ढेकूळ काचेच्या पेल्यातल्या पावसाच्या पाण्यात अलगद सोडा. बोअरचे किंवा कालव्याचे पाणी घेऊ नका, त्यातल्या क्षारांनी निकाल झाकला जातो. पेला हलवू नका. ढेकूळ नुसते ढासळून ढीग झाला आणि पाणी नितळ राहिले, तर सेंद्रिय पदार्थ कमी आहेत, पण सोडियमचा त्रास नाही. ढेकळाभोवती दुधाळ ढग पसरला आणि चोवीस तासांनीही पाणी गढूळ असेल, तर जमीन चोपण, म्हणजे सोडियममुळे चिकट आणि निचरा न होणारी, होत चालली आहे. मग मातीपरीक्षणात विनिमययोग्य (मातीच्या कणांना चिकटलेल्या) सोडियमचे प्रमाण काढून घ्या. ते १५ टक्क्यांच्या वर असेल तर जिप्सम हवेच, आणि मात्रा प्रयोगशाळेने काढलेल्या जिप्समच्या गरजेनुसार. १० ते १५ च्या मधे असेल तर सामू आणि निचरा बघून ठरवावे. पण निचरा नसेल तर जिप्सम वाया जाते. सुटलेला सोडियम पाण्याबरोबर खाली जाऊन बाहेर पडला पाहिजे. कृष्णाकाठी जिथे पाणी उथळ आहे तिथे आधी चर किंवा सच्छिद्र पाइपांचा निचरा, मग जिप्सम. सोडियम नसताना ट्रॉलीने दाबलेला थर जिप्सम उघडत नाही. त्या दाबाशी त्याचा काही संबंधच नाही.

आता सबसॉयलर. योग्य वेळी मारला तर तुमच्या रानात तो उपयोगी पडेल असे मला वाटते. चुकीच्या ओलीत मारला तर डिझेल जाते आणि वर नवा दाब पडतो. सबसॉयलरचे काम माती कापण्याचे नाही, थर तडकवण्याचे आहे. माती तडकते ती कोरडी असताना. ओली असेल तर फाळ तिला चिरून बाजूला दाबतो, आत चकचकीत भिंतीची फट राहते आणि पहिल्या पाण्यात ती मिटते. म्हणून ट्रॅक्टर बोलावण्याआधी दीड फूट खोलीची चिमूटभर माती घ्या आणि तळहातावर वळून पाहा. तीन मिलिमीटर जाडीची वळी न तुटता होत असेल तर थांबा. वळताना तुकडे पडत असतील तरच चालवा. बागायती उसाच्या रानात वर भेगा पडलेल्या असतात आणि खाली ओल टिकून असते, त्यामुळे वरून बघून बहुतेकांचा अंदाज चुकतो. खालची ओल काढायला सर्वांत चांगले साधन पीकच. सोयाबीननंतर करडई किंवा हरभरा ओलीवर घ्या. करडईचे मूळ खोल जाते आणि खालचा थर सुकवते. काढणीनंतर एप्रिल-मेमध्ये जमीन योग्य कोरडी मिळते.

खोली थराच्या तळापेक्षा दोनेक इंच जास्त ठेवा, त्याहून खोल नको. तुमचा थर चौदा इंचांवर संपत असेल तर सोळा इंच पुरे. 'जितके खोल तितके चांगले' हा समज महागात पडतो. प्रत्येक फाळाची एक मर्यादा असते, साधारण फाळाच्या पायाच्या रुंदीच्या सहापट. त्याखाली माती वर उचलली जात नाही, बाजूला दाबली जाते. पाय तीन इंच रुंद असेल तर अठरा इंचांपर्यंतच तडे चांगले जातात. दोन तासांतले, म्हणजे फाळाच्या दोन ओळींतले, अंतर खोलीच्या एक ते दीडपट ठेवा, म्हणजे सोळा इंचांना दीड ते दोन फूट. आपल्याकडे सरसकट पाच फुटांवर मारतात. पाच फुटी सरीच्या उसात, नेमके जिथे बेणे पडणार त्या ओळीखाली मारले तर ते चालते. सोयाबीनमध्ये त्याने मधला पट्टा तसाच राहतो आणि पीक पट्ट्यापट्ट्याने उंच-ठेंगणे दिसते. एका फाळासाठी, थर किती कडक आहे त्यानुसार, ५० एचपी किंवा जास्तीचा ट्रॅक्टर लागतो. खालच्या गिअरमध्ये सावकाश चालवा. चाक घसरत असेल तर खोली कमी करून दोन टप्प्यांत जा, कारण घसरणारे चाक वरचा थर पुन्हा दाबते. पहिले वीस मीटर झाले की ट्रॅक्टर थांबवा आणि तासाला आडवे खणून बघा. तळापासून दोन्ही बाजूंना तिरके वर जाणारे तडे आणि वरची जमीन किंचित उचललेली दिसली तर पुढे जा. नुसती उभी फट दिसली तर काम तिथेच थांबवा आणि पंधरा दिवसांनी पुन्हा पाहा.

बहुतेकांचे पैसे वाया जातात ते यानंतर. तडकलेली जमीन ओझे पेलत नाही. ओल्या रानातली चाकाची पहिली फेरीच सर्वाधिक दाब देते, पुढच्या फेऱ्या त्यात थोडी भर घालतात. म्हणून 'एकदाच गेली ट्रॉली' याला अर्थ नाही. सबसॉयलरनंतर भरपूर पाटपाणी दिले तर तडे गाळाने भरतात. पुन्हा दोनदा रोटर फिरवला तर वर पीठ आणि खाली नवा तळ तयार होतो. त्यामुळे पेरणीआधी एखादी फणपाळी किंवा कुळवाची पाळी पुरे, ढेकळे पावसाने फुटतात. रोटर लागलाच तर वाफशात आणि एकदाच. ट्रॉलीसाठी रानात एक ठरलेली वाट ठेवा आणि तोड त्या दिशेने लावा. शक्य असेल तर मोळ्या बांधापर्यंत डोक्यावरून आणवून गाडी बाहेरच भरून घ्या. ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या तोडीत हे सर्वांत महत्त्वाचे, कारण परतीच्या पावसाची ओल तेव्हा खालपर्यंत असते. तोडणीआधी पाणी तोडणे आपल्या हातात असते. काळ्या जमिनीत किमान तीन आठवडे तरी तोडा.

सबसॉयलरने उघडलेली वाट टिकवायचे काम मुळे करतात. मशागतीच्याच मोसमात एखादे सोटमुळाचे पीक त्या तड्यांत उतरले पाहिजे. तुरीचे मूळ खोल जाते. सोयाबीनच्या चार-सहा ओळींनंतर एक-दोन ओळी तुरीच्या ठेवल्या तर पुढच्या उसासाठी त्या ओळींत वाटा तयार राहतात. ताग किंवा धैंचा घ्यायचा तर एकरी २० ते २५ किलो बी पेरा, फुलकळी लागताना म्हणजे पंचेचाळीस-पन्नास दिवसांत गाडा. गाडताना नांगर खोल लावू नका, वरच्या थरात मिसळा. खाली गेलेली मुळे कुजू द्या, ती कुजली की तिथे सलग भोक राहते आणि पुढच्या पिकाचे मूळ त्याच भोकातून उतरते. हरभरा, सोयाबीन काढताना झाड उपटू नका, विळ्याने जमिनीलगत कापा. नेरळच्या सगुणा बागेतून पुढे आलेल्या एसआरटी (सगुणा राइस टेक्निक) पद्धतीत मुळे जागेवर ठेवून बिननांगरटीचे गादीवाफे वापरतात, त्यामागे हेच तत्त्व आहे. तुमच्यासारखा पक्का थर आधीच असेल तर तो एकदा फोडून मग बिननांगरटीकडे वळावे, असे माझे मत. थर तसाच ठेवून नांगरट बंद केली तर पहिली दोन-तीन वर्षे उत्पन्न मार खाते आणि माणूस पद्धतच सोडून देतो.

पाचट पेटवू नका, ही कळकळीची विनंती. उसाच्या रानात गांडुळांना खायला दुसरे काही उरत नाही, आणि जमिनीत उभी बिळे करणारा दुसरा मजूर आपल्याकडे नाही. खोडव्यात पाचट सरीत दाबून ठेवा, टनाला आठ किलो युरिया, दहा किलो सिंगल सुपर फॉस्फेट आणि एक किलो पाचट कुजवणारे जिवाणू संवर्धक टाका आणि वर ओल ठेवा.

आता आज उभ्या असलेल्या सोयाबीनचे काय, ते सांगतो. या मोसमात थर फुटणार नाही, पण झाडाचे हाल कमी करता येतात. काळ्या जमिनीत दर दहा सेंटिमीटर थरात पिकाला मिळणारे पाणी साधारण १५ ते २० मिलिमीटर असते. तुमची मुळे अठरा सेंटिमीटरवर थांबली आहेत, म्हणजे झाडाच्या हाती तीसेक मिलिमीटर. उघडिपीत रोज चार-पाच मिलिमीटर जातात. निम्मे पाणी तीन-चार दिवसांत संपते आणि झाड मान टाकते, तुम्ही पाहिलेले हेच आहे. म्हणून नेहमीसारखे पंधरा दिवसांनी पाणी देऊन चालणार नाही. उघडीप लांबली तर चार-पाच दिवसांनी तुषार संचाने २० ते २५ मिलिमीटरच द्या. त्याने थर मऊ राहतो आणि काही टोके खाली सरकतात. पाटाने रान भरून दिले तर उरलेली हवाही जाते आणि पाने पिवळी पडतात. जोराचा पाऊस झाल्यावर साचलेले पाणी त्याच दिवशी बाहेर काढायला दर आठ-दहा ओळींनंतर चर ठेवा. आता खोल कोळपणी नको. पिकाचा सगळा जीव वरच्या सात इंचांत आहे आणि कोळप्याने तीच मुळे तुटतात.

खताचा डोस वाढवून फायदा होत नाही. स्फुरद जमिनीत मिलिमीटरच्या हिशेबाने सरकतो, मूळ जिथे पोहोचत नाही तिथला स्फुरद झाडाच्या कामाचा नाही. फुलोऱ्यात आणि शेंगा भरताना विद्राव्य खताची फवारणी, म्हणजे दहा लिटरला ५० ते १०० ग्रॅम, ही वेळ निभावून नेण्यापुरती मदत आहे. पुढच्या पेरणीला स्फुरद बियाण्याच्या बाजूला आणि खाली पट्ट्यात पडेल असे बघा. आणि ओल्या रानात पेरणी यंत्र घालू नका. ओल्या काळ्या मातीत फणाने तासाच्या भिंती चोपल्या जातात आणि कोवळे मूळ त्या भिंतींच्या मधूनच पुढे-मागे जाते, खाली उतरत नाही.

तर तुमच्यासाठी क्रम असा लावतो. पुढच्या वाफशाला तीन चर आणि पेल्यातली चाचणी. निकाल गढूळ आला तर मातीपरीक्षण आणि निचऱ्याचा विचार आधी. नितळ आला तर जिप्समचे पैसे सबसॉयलरला ठेवा. सोयाबीन कापून ओलीवर करडई किंवा हरभरा, एप्रिल-मेमध्ये मातीची वळी तुटते का ते पाहून सबसॉयलर, त्यानंतर रोटर न घालता तुरीच्या ओळी ठेवून सोयाबीन किंवा सरळ तागाचे हिरवळीचे खत, आणि मग ऊस. थर दहा इंचांच्या आतच संपत असेल आणि खाली माती मोकळी लागत असेल, तर सबसॉयलरचीही गरज नाही. चिझल नांगर (माती न पलटता फोडणारा अरुंद फाळांचा नांगर) बारा इंचांवर एकदा पुरतो आणि खर्चही कमी येतो.

पुढच्या जुलैत पीक चाळीस दिवसांचे झाले की पुन्हा खणा. एक चर सबसॉयलरच्या तासावर आणि एक दोन तासांच्या मधे. तासावर मुळे फूटभर खाली आणि मधे अजून सात इंचांवरच वळलेली दिसली, तर अंतर जास्त झाले, पुढच्या वेळी ते दीड फुटावर आणा. दोन्हीकडे सारखीच वळलेली दिसली, तर थर ओल्यात चिरला गेला किंवा त्यानंतर कुठले तरी चाक तिथून गेले. त्या चरांतल्या खोल्या आणि थराच्या जाडीची मापे इथे टाका, पुढचे त्यावरून बोलू.